वजा केलेला महिना

दवाखाना, परतवाड्याच्या वर
६ जुलै २०२४

मायाताई,
सप्रेम जय भीम.

पाकिटावर माझं अक्षर पाहून आधी दचकली असशील. काही झालेलं नाही. आई नांदगावात ठणठणीत आहे, मीही बरा आहे. पत्र लिहितोय ते एवढ्यासाठीच की फोनवर प्रोग्रॅम सांगता येत नाही. परवा टेकडीवर जिथे मोबाइलला एखादी काडी येते तिथे उभं राहून तुला फोन लावला. पहिला कंस उघडला आणि लाईन तुटली. तीनदा तसंच झालं, तेव्हा आमच्या नर्सबाई, शकुन सिस्टर म्हणाल्या, "कागदावर लिहा ना भाऊ. किशोरच्या जीपमंधी द्या, पोहोचन तवा पोहोचन." किशोर दवाखान्याची जीप चालवतो. शनिवारी परतवाड्याला जातो, तेव्हा पोस्टात टाकेल.

तुला या दवाखान्याचं नावही कानावर नको असतं, हे मला माहीत आहे. नितेशभाऊजी इथलाच प्रोग्रॅम बसवून मोटरसायकलनं उतरत होते आणि घाटात गेले. म्हणूनच ही नोकरी घेतली तेव्हा तुला सांगायला मी आठ दिवस लावले. पण आता त्यांच्याच प्रोग्रॅमबद्दल विचारायचं, तर तुझ्याशिवाय कुणाला विचारू?

प्रोग्रॅम काय करतो ते सांगतो. वर अकरा वस्त्या आहेत. तिथल्या गरोदर बायांची शेवटच्या पाळीची तारीख आपण टाकायची, प्रोग्रॅम बाळंतपणाची तारीख काढतो. दर शनिवारी एक यादी छापून निघते. ज्यांना दोन आठवडे उरलेत त्यांची नावं त्यात. त्या बायांना जीप जाऊन घेऊन येते, दवाखान्याशेजारच्या खोल्यांत त्या बाळंतपणापर्यंत राहतात. रस्ता असा आहे की कळा सुरू झाल्यावर आणायचं म्हटलं तर उपयोग नाही. यादीत नाव आलं की जीप जाते. नाव नसलं तर जात नाही. इतका सरळ मामला आहे.

आता नवीन फॉर्म आले आहेत. त्यात तारीख उलटी येते, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. म्हणून नव्या नोंदींसाठी तारीख वाचायचा भाग मला नव्यानं लिहायचा आहे. भाऊजींच्या जुन्या भागात एक ओळ आहे, महिना वाचला की त्यातून एक वजा केलाय. का, ते कुठेच लिहिलेलं नाही. तो वजा एक मीही ठेवायचा की काढायचा?

इथल्या मशीनवर लिनक्स आहे, आणि तूच शिकवलं होतंस की लिनक्सचं पुस्तक लिनक्सच्या पोटातच असतं. मॅन लिहायचं, पुढे नाव टाकायचं, पान समोर. मी टाकून पाहिलं. फाइल कॉपी कशी करायची, पुसायची कशी, याची पानं येतात. पण या तारखेच्या फंक्शनचं नाव टाकलं की एकच उत्तर: या नावाचं पान नाही. इथे इंटरनेट नाही, पुस्तक नाही, विचारायला माणूस नाही. सिस्टरांना विचारलं तर म्हणाल्या, "मले तापमापी इचारा."

उत्तराची वाट पाहतो.

तुझा,
संघपाल


जठारपेठ, अकोला
१६ जुलै २०२४

चि. संघपाल,
जय भीम.

पत्र दहा दिवसांनी मिळालं. पोस्टमनलाही आश्चर्य वाटलं, क्लासच्या जिन्यात उभा राहून पाकीट उलटसुलट पाहत होता. मावशीची खुशाली कळली, बरं वाटलं. बाकीच्याबद्दल बोलत नाही. तू मोठा झालास, नोकरी कुठे करायची ते तुझं तू ठरवणार.

कामाचं बोलते. त्या सिस्टिममध्ये वापरणाऱ्यांची पानं वेगळी असतात आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची वेगळी. पहिली आपोआप येतात, दुसरी मागवून बसवावी लागतात. नितेशनं बसवली नसतील. स्वतःला सगळं तोंडपाठ, म्हणजे जगालाही तोंडपाठच असणार, असा त्याचा स्वभाव. घरातल्या डब्यांवर नावं लिहायलाही त्याला नको असायचं. मीठ समजून मी एकदा खायचा सोडा टाकला होता भाजीत.

ती पानं मी पेन ड्राइव्हवर पाठवते. पण सध्या प्रवेशाचे दिवस आहेत, सकाळपासून पालक येऊन बसतात, थोडी कळ काढ. तोपर्यंत त्या मशीनवर सामायिक फोल्डरच्या आत डॉक नावाचं फोल्डर असेल, ते चाळ. अप्रोपोज म्हणून एक आज्ञा आहे, तिच्यापुढे विषयाचा शब्द टाकला की त्या विषयाची जी पानं आहेत त्यांची नावं मिळतात. आणि अगदीच काही नाही मिळालं तर हेडर फाइली वाच, त्या असतातच, त्यांच्याशिवाय प्रोग्रॅम तयारच होत नाही.

आता तुझा वजा एक. काढून टाक. मी रोज तीन बॅचना पायथनमध्ये तारखा शिकवते. जानेवारी म्हणजे एक आणि डिसेंबर म्हणजे बारा. हातच्या काकणाला आरसा कशाला? नितेशला असे टाके घालायची खोड होती. एकीकडे फाटलं की दुसरीकडे टाका, आणि कुठे घातला ते कुणाला सांगायचं नाही. नवीन लिहितोस तर स्वच्छ लिही.

पावसात भिजू नकोस. तिथे सापविंचू असतील, अंथरूण झटकून घेत जा.

तुझी,
मायाताई


दवाखाना
२८ जुलै २०२४

मायाताई,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र किशोरनं डॅशबोर्डवर ठेवलं होतं, त्यामुळे अर्ध्या शाईचं पाणी झालं होतं. पण "काढून टाक" एवढं स्वच्छ वाचता आलं.

काढून टाकला. नव्या नोंदी आता नव्या पद्धतीनं आत जातात. प्रोग्रॅम तयार करताना मशीननं एकही चूक दाखवली नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातचं काही पहिल्याच झटक्यात चाललं, म्हणून सिस्टरांना चहा पाजला.

तू सांगितलंस ते सगळं मात्र करून पाहिलं. डॉक फोल्डरमध्ये शेकड्यानं फोल्डर निघाले. मला वाटलं, खजिनाच सापडला. उघडून पाहतो तर प्रत्येकात एकच कागद: हे कुणी लिहिलं, हक्क कुणाचे, परवाना कोणता. कसं वापरायचं, ते कुठेच नाही. पंगतीला बसवावं, पत्रावळ वाढावी, वाढणारे कोण कोण आहेत त्यांची ओळख करून द्यावी आणि मग जेवणच नसावं, तसं झालं. अप्रोपोजनं सांगितलं, तारखेवर एक पान आहे. ते निघालं आजची तारीख पाहायच्या आज्ञेचं. मग हेडर फाइल उघडली. तिच्यात नुसती नावं, आणि या महिन्याच्या भानगडीसाठी दुसऱ्याच एका फाइलकडे बोट दाखवलेलं. दुसरीत गेलो नाही. तुझं उत्तर हातात होतंच.

एक विचारू का? भाऊजींचा लॅपटॉप तुझ्याकडेच असेल ना? त्यात ही सगळी पानं असणार. तेवढीच उतरवून पाठवलीस तर तुला नव्यानं काही शोधावं लागणार नाही. मला पुढेमागे लागतील. इथे दर आठवड्याला नवीन नोंदी येतात. याच महिन्यात सहा आल्या. एक सुंदराबाई म्हणून आहे, अगदी वरच्या वस्तीतली. सातवा महिना लागल्यावर पहिल्यांदा नाव नोंदवायला आली. नवरा देवराव पूर्ण रस्ता तिच्यामागे छत्री धरून चालत आला होता, स्वतः भिजला. मी तिची बाळंतपणाची तारीख एका कागदावर छापून दिली, तर त्यानं ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून बंडीच्या आत ठेवली.

तुझा,
संघपाल


अकोला
१२ ऑगस्ट २०२४

चि. संघपाल,

लॅपटॉप मी विकून टाकला. मागच्याच वर्षी. ठेवून तरी काय करायचं होतं?

पेन ड्राइव्ह पाठवते म्हटलं ना, पाठवते. घोडं कुठे अडलं आहे का? प्रोग्रॅम चालतोय असं तूच लिहितोस. मग पुस्तकाची एवढी घाई कशाला? मुलांचंही असंच असतं, गणित सुटलं तरी उत्तरांची पानं हवीच.

क्लासमध्ये पौर्णिमा म्हणून जी मुलगी शिकवायची तिचं लग्न ठरलं, ती गेली. तिच्या बॅचही माझ्याच गळ्यात आल्या. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. रागावलेली नाही, दमले आहे.

मायाताई


दवाखाना
२२ सप्टेंबर २०२४

मायाताई,
सप्रेम जय भीम.

सव्वा महिना तुझं पत्र नाही. मीही लिहिलं नाही. लॅपटॉपचं विचारायला नको होतं, माझंच चुकलं. पेन ड्राइव्हची मी वाट पाहत नाहीये, निवांतपणे पाठव.

आज लिहितोय कारण परवा शकुन सिस्टरांशी माझं चांगलंच वाजलं आणि इथे मन मोकळं करायला दुसरं कुणी नाही. सिस्टर शुक्रवारी वस्त्यांवर जाऊन आल्या. आल्या आल्या म्हणाल्या, "त्या सुंदराले या शनिवारी आनू. पोट खाली उतरलं तिचं. नववा लागला हाय तिले."

मी यादी काढली. सुंदराबाईचं नाव नाही. नोंदीत तारीख नऊ नोव्हेंबर. मी कागद दाखवला. म्हटलं, "सिस्टर, आठवा आहे."

"मी वीस वर्सं झाले पोटं पाहून राहिली भाऊ. तुमच्या डब्यानं कितीक बाया पायल्या?"

ताई, मला राग आला. खरं सांगतो, स्वतःपेक्षा भाऊजींसाठी जास्त आला. त्यांच्या प्रोग्रॅमला डबा म्हणायचं? मी म्हटलं, जीपमध्ये जागा चार आणि यादीत नावं चार. अंदाजानं पाचवी बाई बसवली तर यादीतली एक खाली राहील, मग तिचं काय? डॉक्टर होते समोर. त्यांनी दोघांकडे पाहिलं, कागद हातात घेतला आणि म्हणाले, यादीप्रमाणे करा. सिस्टर संध्याकाळी जाताना एवढंच म्हणाल्या, "मंग पुढल्या महिन्यात आनू. तुमचंच खरं."

मी जिंकलो, आणि परवा दुपारपासून मला जेवण जात नाही. आपण बरोबर असताना असं का व्हावं? सिस्टर वयानं आईएवढ्या आहेत, माझा आवाज चढला, त्याचंच वाईट वाटत असेल. दसऱ्याला सुटी मिळाली तर घरी येईन.

तुझा,
संघपाल


परतवाडा, बस स्टँड
९ ऑक्टोबर २०२४

संघपाल,

हे पत्र मिळेल त्या क्षणी हातातलं काम टाक आणि तो वजा एक परत घाल. आधी ते कर, मग पुढचं वाच.

मी चुकले. नितेशच्या प्रोग्रॅमच्या भाषेत, मी शिकवते त्या पायथनसारखे नाही, महिने शून्यापासून मोजतात. जानेवारी शून्य, डिसेंबर अकरा. नितेशनं एक वजा केला होता तो बरोबर केला होता. तो काढल्यामुळे तुझी प्रत्येक नवी तारीख एक महिना पुढे गेली आहे. तुझ्या कागदावर नऊ नोव्हेंबर आहे ना? ती नऊ ऑक्टोबर आहे. म्हणजे आज.

तुझं सप्टेंबरचं पत्र मला मागच्या गुरुवारी मिळालं. दोनदा वाचलं. त्या नर्सबाईंचं बोलणं डोक्यातून जाईना. तरीही मनात म्हणत होते, मी रोज शिकवते, मी कशी चुकेन? काल क्लासला सुटी दिली आणि कपाट उघडलं. लॅपटॉप विकला नव्हता. खोटं लिहिलं होतं तुला. दीड वर्ष तो साड्यांच्या खाली तसाच पडला आहे, मला हात लावायचा धीर होत नव्हता. चार्जिंगला लावला, मॅन लिहिलं, नाव टाकलं आणि तुला पाठवायचं ते पान नीट येतंय का हे बघायला वाचू लागले. फार खाली जावंही लागलं नाही. एका ओळीत लिहिलं आहे: महिना, जानेवारीपासून पुढे किती, शून्य ते अकरा.

मी इंटरनेटच्या शहरात बसले आहे, संघपाल. एका मिनिटाचं काम होतं. जुलैमध्ये मी ते एक मिनिट दिलं नाही, कारण मला खात्री होती. आणि खात्री होती कारण नितेशचं काही चुकलेलंच असणार, असं मला हवं होतं. तो मला न सांगता गेला, याचा राग मी त्याच्या एका ओळीवर काढला.

तुझ्या मशीनवरही हे लिहिलेलं आहे. ज्या हेडर फाइलनं दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवलं होतं, त्या दुसरीत जाऊन बघ. माझ्या शब्दावर आता विश्वास ठेवू नकोस, डोळ्यांनी बघ.

कालपासून फोन लावते आहे, लागत नाही. पहाटेच्या बसनं इथे आले. पुढे जीप मिळेना. खालच्या रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून, तीन दिवस पाणी चाललं आहे म्हणतात, पलीकडे कुणी जात नाही. मला चालत जाऊ द्या म्हटलं तर स्टँडवरच्या माणसांनी सोडलं नाही. किशोर जिथून किराणा घेतो त्या दुकानात हे पत्र आणि पेन ड्राइव्ह ठेवून जाते. पाणी उतरल्यावर पहिली गाडी त्याचीच येईल असं दुकानदार म्हणतो.

त्या बाईला आणा. सगळं सोडून तिला आणा.

माया


दवाखाना
११ ऑक्टोबर २०२४

मायाताई,

दसऱ्याला येत नाही. आईला तू फोन करून कळव, कारण वगैरे सांगू नकोस.

सुंदराबाई गेली. सहा तारखेला सकाळी तिला कळा सुरू झाल्या. दुपारनंतर देवरावनं तिला बाजेवर घातलं, वस्तीतल्या चार माणसांनी खांद्यावर घेतलं. वस्तीकडच्या रपट्यावर कमरेएवढं पाणी होतं. पाणी उतरायची वाट बघत ते पलीकडेच बसून राहिले. इथे पोचले ते दुसऱ्या दिवशी. मूल आधीच गेलं होतं. ती आल्यावर पाऊण तास होती. डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी काही करायचं बाकी ठेवलं नाही, पण रक्त परतवाड्याला आणि परतवाडा खालच्या रपट्याच्या पाण्यापलीकडे.

अमरावतीहून, हा दवाखाना चालवणाऱ्या संस्थेचे दोघं आज पलीकडच्या लांब रस्त्यानं आले. अर्ध्या तासात कागद पूर्ण झाला. कारणाच्या रकान्यात लिहिलं: अपुऱ्या दिवसांची अचानक प्रसूती, नातेवाइकांनी उशिरा आणले. मला सगळ्या नोंदींची यादी मागितली. मी दिली. तिच्या नावापुढे नऊ नोव्हेंबर आहे, त्यामुळे दवाखान्याकडून काही राहिलं नाही असं ठरलं. त्यांनी माझी पाठही थोपटली, नोंदी नीटनेटक्या ठेवल्या आहेत म्हणून.

ते गेल्यावर सिस्टर माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, आता भांडतील. भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "लेकरू पुऱ्या दिवसाचं होतं, संघपालभाऊ. नखं बोटाच्या बाहेर आली होती." एवढंच म्हणाल्या आणि चादरी घ्यायला गेल्या.

ताई, ती पानं लवकर पाठव. मला एक गोष्ट तपासायची आहे.

संघपाल


दवाखाना
२० ऑक्टोबर २०२४

मायाताई,

पत्र आणि पेन ड्राइव्ह तेरा तारखेला मिळाले. आधी वजा एक परत घातला, मग पुढचं वाचलं, तू सांगितलंस तसंच.

ती दुसरी फाइल उघडली. सगळी मिळून पंचवीस-तीस ओळींची असेल. महिन्याच्या ओळीपुढे चौकटी कंसात शून्य ते अकरा असं लिहिलेलं आहे. इथेच होतं. ज्या खुर्चीवर बसून मी तुला पत्र लिहायचो, त्या खुर्चीवरून हात न लांबवता मिळालं असतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मी तर वळसाही पुरता घातला नाही, अर्ध्यातून परत आलो.

नव्या यादीत एकदम पाच नावं आली. पाचही बायांना किशोरनं दोन फेऱ्यांत आणलं. त्यातली एक जीपमध्येच अडली होती, तिला आणि मुलीला सिस्टरांनी वाचवलं. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. मलाही त्यानं काही वाटलं नाही.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. अमरावतीच्या ऑफिसला लेखी कळवलं: यादी चुकीची होती, चूक माझी. परवा उत्तर आलं की प्रकरण बंद झालेलं आहे, आणि अशा गोष्टी लेखी पाठवू नयेत. कारणाचा रकाना तसाच आहे. उशिरा आणले.

तू स्वतःला दोष देऊ नकोस असं मी लिहिणार नाही. खोटं होईल. तू सांगितलंस, मी काढलं, सिस्टर ओरडत होत्या आणि मी कागद नाचवला. दोघांचं आहे.

संघपाल


अकोला
३० ऑक्टोबर २०२४

संघपाल,

खोटं लिहिलं नाहीस, बरं केलंस.

मी क्लासमध्ये जाते, फळ्यापुढे उभी राहते. तारखांचा धडा आला की मुलांना सांगते, हे पाठ करू नका, पान उघडून वाचा, प्रत्येक वेळी वाचा. मुलं वहीत उतरवून घेतात. घरी येऊन लॅपटॉप उघडून बसते. नितेशचे सगळे प्रोग्रॅम वाचते आहे, एकेक ओळ. एकही टाका नाही, संघपाल. जिथे जिथे मला वाकडं वाटतं, तिथे तिथे पान काढून बघते आणि ते सरळ असतं. हे आता कुणाला सांगू?

देवरावला कोण सांगणार आहे? संस्थेच्या कागदावर त्याच्या माथी लिहिलंय, उशिरा आणले. तो वाचू शकत नसेल, पण कुणीतरी वाचून दाखवलं असेलच. बायको-पोर गेलं ते गेलं, वर दोषही त्याच्याच अंगावर. बाकी काही आता माझ्या हातात नाही, पण हे आहे. त्याला माझं नाव सांग. जठारपेठेतला पत्ता दे. म्हणावं, चूक या बाईची आहे, तुझी नाही. त्यानं येऊन शिव्या द्याव्यात, पोलिसात जावं, काहीही करावं. मी इथेच आहे. किंवा तू म्हणशील तेव्हा मी येते, घाट चढून येते, त्याच्यासमोर उभी राहते. तो मला काहीतरी बोलला पाहिजे.

माया


दवाखाना
२४ नोव्हेंबर २०२४

मायाताई,

गेल्या रविवारी वर गेलो होतो. तुझं पत्र सोबत घेतलं होतं. शकुन सिस्टर म्हणाल्या, मीही येते. दोन तास चालत गेलो.

देवराव अंगणात तुरीच्या काड्या बांधत होता. आम्हाला पाहून उठला, बाज टाकली, पाणी आणलं. मी उभ्यानंच बोलायला सुरुवात केली, बसलो असतो तर बोललो नसतो. सगळं सांगितलं. कॉम्प्युटरमध्ये महिने कसे मोजतात, एक वजा करायचा राहिला, त्यामुळे कागदावर नोव्हेंबर आला, खरा ऑक्टोबर होता. सिस्टर तिला सप्टेंबरमध्येच आणा म्हणत होत्या आणि मी अडवलं. अकोल्याच्या माझ्या बहिणीनं ही चूक सांगितली आणि मी ती केली. म्हटलं, देवरावभाऊ, तुम्ही उशीर केला नाही. आम्ही केला.

त्यानं सगळं ऐकलं. मग म्हणाला, "भाऊ, तुमी मले बरं वाटावं म्हून सांगून राहिले."

मी म्हटलं, नाही, खरं आहे.

"कॉम्प्युटर काहून चुकन? माणूस चुकते. तुमाले ठाऊक नाही. सकाळीच तिले कळा सुरू झाल्या. ते म्हने, चाला दवाखान्यात. मी म्हटलं, कागदावर अजून महिना हाय, ह्या साध्या कळा हायेत, थांबतीन. दुपारलोक मी बसून राहिलो भाऊ. ते ओरडून राहिली होती अन् मी बसून राहिलो. तवाच उचलली असती तं पाण्याच्या आधी निंगून गेलो असतो." त्याची मान खालीच होती. "साहेबानं कागदावर बरोबर लिवलं. उशीर मीच केला."

सिस्टरांनी सांगून पाहिलं. त्या त्याच्या बोलीत जास्त चांगलं सांगू शकतात. त्यानं त्यांनाही हात जोडले. तुझं नाव सांगितलं, तर त्यानं विचारलं, "म्हंजे ते कॉम्प्युटर बसवनारे नितेशभाऊ, त्यांची बाई का? आपल्याच घाटात गेले ना ते? बाईंले म्हना, वाईट वाटून नका घेऊ. त्यांच्यावर काय कमी आलं?"

तेव्हा तू येऊ नकोस, ताई. आलीस तर तो तुझंच सांत्वन करील.

आम्ही उठलो तेव्हा तो म्हणाला, थांबा. आत गेला आणि भावाच्या बायकोला बाहेर घेऊन आला. अठरा-एकोणीस वर्षांची असेल, सहावा महिना आहे. तिनं ऑगस्टमध्येच नाव नोंदवलं होतं. म्हणाला, "हिची तारीख पाहून द्या भाऊ. या बारीला मी उशीर नाही करनार. तुमच्या कागदावर जे असन, तेच खरं."

मी खिशातली सगळ्या नोंदींची दुरुस्त यादी काढली. तिची तारीख होती. मी ती एकदा बोटांवर मोजली, मग पुन्हा मोजली. सिस्टरांनी तिचं पोट पाहिलं आणि मान हलवली, बरोबर आहे. मी वेगळ्या कागदावर तारीख लिहून त्याला दिली. सांगितलं, कळा कधीही आल्या, कागदावर काहीही असलं, तरी लगेच निघायचं. कागद बघायचाच नाही. तो हो म्हणाला.

मग त्यानं तो कागद दोन्ही हातांनी कपाळाला लावला आणि बंडीच्या आत ठेवला.

तुझा,
संघपाल